भोत

धंतोलीतल्या एकाच इमारतीत
पहिल्या मजल्यावरचा हाडांचा डॉक्टर म्हणतो, दूध वाढवा.
तिसऱ्या मजल्यावरचा पोटाचा डॉक्टर म्हणतो, दूध सोडा.
लिफ्ट बंद आहे.
मी मधल्या जिन्यात बसलेय, मांडीवर दोन फायली,
वय अठ्ठावन्न, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
गुडघे माझेच, पोटही माझंच,
आणि त्या दोघांचं आता बोलणं बंद आहे.

पहिल्या मजल्यावरच्यानं फिल्म उजेडाला धरली होती:
बघा, आतून कसं विरळ झालंय.

भाची पुण्याहून फोनवर म्हणते,
मावशी, कुठलंही जनावर मोठं झाल्यावर दूध पीत नाही.
मी म्हटलं, कुठलंही जनावर पेन्शनही घेत नाही.
ती हसली नाही. बदामाचं घे म्हणाली.
इतवारीत भाव विचारला.
दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पिशवीकडं.

रात्री झोप नाही, तर मोजत बसले.
आईचं दीड वर्ष. मग धाकटा झाला
आणि माझ्या हातात पितळी पेला आला.
साय नको म्हणून रडणारी मी, नाक दाबून पाजणारे बाबा.
परीक्षेचं दूध. तापातलं, हळदीचं.
बाळंतपणातलं खसखशीचं, जे मी खिडकीतून गुपचूप
चमेलीच्या बुंध्याशी ओतायचे. चमेली मेली.
आणि अंबाझरी घाटावर, यांची राख सावडताना,
एका कोपऱ्यात निखारा राहिला होता,
त्यावर शिंपडलं तेव्हा झालेला
तो चर्र आवाज.
तेही गायीचंच.

सकाळी बिसन नेवारे आला,
लुनाच्या दोन्ही बाजूंना केटल्या.
बिसनभाऊ, तुम्ही दूध पिता का हो?
'मी? काहून जी?'
माप केटलीतच थांबलं.
'मी काळा चहा पितो बाई. दूध इकाले असते.
नातवाले देतो पावभर. दात येऊन राह्यले त्याचे.'

मग ओतता ओतता, मी न विचारताच:
'मोरीचं वासरू मेलं जी परवा. उन्हानं.
आता भोत बांधलं.
त्याच्याबिगर पान्हा नाही सोडत ते.'

आमच्या शहरात भोत म्हणजे पुष्कळ.
भोत गर्मी. भोत गर्दी.
पोह्यावर तर्री भोत टाकली रे आज.
हे भोत वेगळं.
मेल्या वासराचं कातडं, आत तणीस भरलेली,
पायांच्या जागी चार काड्या,
वरून मिठाचं पाणी चोळलेलं.
गायीच्या तोंडासमोर उभं करायचं.
ती चाटते.
आणि दूध येतं.

तिला कळत नसेल का हो?
बिसननं रबरी फडक्यानं केटलीचं तोंड पुसलं.
'कळते जी,' म्हणाला, 'पन चाटते.'

अर्धा लिटर पातेल्यात पडलं होतं,
पांढरं, नेहमीसारखं,
वर दोन बुडबुडे, एकमेकांकडं सरकणारे.
तापवलं. उतू नाही गेलं, मी समोरच उभी होते.
दुपारपर्यंत झाकून ठेवलं.
मे महिना. कूलरचं पाणी संपलेलं,
ताटीतून कोरडी झळ येत होती गवताच्या वासाची.
मनगटावर घाम वाळून
मिठाचे बारीक पांढरे कण उठले होते.
मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

उद्यापासून पावभरच, असं बिसनला सांगायचं ठरवलं.
तो म्हणाला, 'पावभरासाठी लुना थांबवू का जी?'
मग म्हणाला, 'थांबवतो. थांबवतो.'

आज काळा चहा केला.
कडू झाला. साखर वाढवली,
त्याला आता चौथ्या मजल्यावरचा डॉक्टर काय म्हणेल कोण जाणे.
पावभर पातेल्यात तसंच आहे.
प्यायचं की विरजायचं, की भाचीला फोन करायचा,
काही ठरत नाही.

गुडघ्यांना अजून काही सांगितलेलं नाही.